शेडपुढचा दिवा

बापू, शेड छान उभं राहिलं. ट्रॅक्टर, ट्रॉली, थ्रेशर आणि कार एकाच पत्र्याखाली मावणं ही कास्तकाराच्या घरची मोठी सोय आहे. आता समोर दिवे कोणते लावायचे हे दुकानात जाऊन ठरवू नको. अंधार पडल्यावर शटरपुढं उभा राहा आणि उजेड नेमका कुठं लागतो ते पाह्य.

शटरची कुलपं खाली, दोन्ही कोपऱ्यांत असतात. वर मधोमध एकच ५० वॅटचा फोकस टांगला की वाकलेल्या माणसाची सावली कुलपावर पडते, आणि ट्रॉली रिव्हर्समध्ये आत घेताना तोच फोकस डोळ्यांत घुसतो. म्हणून १६ फुटी शटरच्या दोन्ही अंगाला एकेक दिवा लाव, सात-साडेसात फुटांवर, १०-१२ वॅटचा, उजेड खाली टाकणारा. चांगल्या एलईडीच्या एका वॅटला साधारण १०० लुमेन मिळतात. दोन हजार लुमेन आपल्या कामाला पुरून उरतात. कुटार भरलेली ट्रॉली दोन्ही बाजूंनी फुगलेली असते, तेव्हा दिवा चौकटीपासून हातभर दूर आणि भिंतीला चिकटून बसणारा घे. लटकणारे शोभेचे कंदील अमरावतीच्या बंगल्यांना ठीक आहेत. इथं ते एक हंगाम टिकायचे नाहीत.

रंगाच्या बाबतीत माझा हट्ट आहे, पिवळसरच घे. खोक्यावर ३००० केल्विन किंवा त्याहून कमी लिहिलेलं असलं पाहिजे. ६५०० केल्विनच्या पांढऱ्याशुभ्र दिव्यात निळा भाग जास्त असतो आणि किडे त्याच्यावरच झेपावतात. मृगाचा पहिला पाऊस झाला की संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघतात. त्यांना पकडायला कृषी विद्यापीठाचे लोक प्रकाश सापळे लावायला सांगतात. शेडपुढं रात्रभर पांढरा दिवा ठेवलास तर तोही सापळाच, फक्त खाली रॉकेल-पाण्याचं घमेलं नसलेला. मग भुंगेरे आपल्याच कडुलिंबावर, बाभळीवर बसतात आणि अंडी आपल्याच वावरात घालतात. किड्यांमागं बेडूक येतात, बेडकांमागं साप येतो, आणि रात्री शटरपाशी अनवाणी येणारं माणूस घरचंच असतं. पिवळ्या दिव्यालाही किडे येतात, पण कमी.

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. एलईडीची चिप सहसा मरत नाही, आधी ड्रायव्हर मरतो. त्यातला कपॅसिटर १० अंश जास्त तापला की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. त्यामुळं दिवा पत्र्याला भिडवून लावू नको. जाड ॲल्युमिनियम बॉडीचा, ड्रायव्हर वेगळा बदलता येणारा घे. आपल्याकडं संध्याकाळी व्होल्टेज बसतं आणि मोटरी एकदम बंद झाल्या की उसळतं, तेव्हा १०० ते ३०० व्होल्ट झेलणारा माग. धूळ-पाण्यासाठी आयपी ६५ पाह्य: ६ चा आकडा धुळीचा, ५ चा पाण्याच्या फवाऱ्याचा. पण वायर वरून घुसवली तर तो शिक्का वाया गेला. वायर खालून आत घे आणि शिरण्याआधी तिला वीतभर झोल दे, म्हणजे पावसाचं पाणी झोलाच्या तळाशी येऊन गळून पडतं.

माणूस आला की आपोआप लागणारा दिवा बरा, पण स्वस्तातला पीआयआर सेन्सर अंगाची ऊब आणि आजूबाजूची हवा यांतला फरक ओळखतो. आपल्या मेमधल्या रात्री भिंती आणि अंग सारखेच तापलेले असतात, आणि तो चुकतो. त्याच्या जोडीला हाताचं बटण ठेवच.

वावरातल्या शेडला लाइनची पाळी असते, तिथं सोलर घे. पॅनल दक्षिणेकडं २० अंशांच्या आसपास कलतं ठेव. ढगाळ श्रावणात बॅटरीवर दोन-तीन रात्री निघाल्या पाहिजेत.

वेचणीनंतर तू शेडात कापूस भरतोस. तिथं तापणारा हॅलोजन कोणी फुकट दिला तरी नको.

आणि पैसे कुठं घालायचे तर इथं, बापू. पत्र्याच्या शेडात सगळं लोखंड एकमेकांना जोडलेलं असतं. एका दिव्याची सोललेली वायर अँगलला टेकली की अख्ख्या शेडात करंट उतरतो आणि ओल्या हातानं शटर उचलणारा माणूस जागेवर जातो. शटर, अँगल आणि दिव्याची बॉडी तिन्ही आर्थिंगला जोड. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालत राहा. दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात साधा लोखंडी रॉड लवकर गंजतो, तिथं तांबं चढवलेला घे. बोर्डात करंट गळला की लाइन तोडणारा ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी बसव आणि त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाब. दाबूनही तो पडला नाही, तर त्याच दिवशी बदल, आणि बदलेपर्यंत शेडाची लाइन बंद ठेव.