नाबोथाचे वतन आणि चेरोकी लोक

शास्त्रपाठ : १ राजे, अध्याय २१

अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता तो भाजीपाल्याच्या बागेसाठी. मोबदला देण्यासही तो तयार होता. याहून चांगला मळा, नाहीतर रोख किंमत. नाबोथाने नकार दिला, कारण ती जमीन त्याच्या वाडवडिलांचे वतन होते. हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पुढे जे घडले त्यातील एक गोष्ट शिक्षकांनी वर्गाच्या नजरेस आणावी. नाबोथाच्या घरावर दरोडा पडला नाही. राजाच्या मोहरेची पत्रे गेली, उपासाचा दिवस नेमला गेला, दोन साक्षीदार उभे राहिले, निवाडा झाला आणि नाबोथाला धोंडमार झाला. सगळे कसे रीतसर!

हा अध्याय समोर ठेवून या महिन्यात आपण अमेरिकेच्या आरंभीच्या इतिहासाकडे पाहू. हा इतिहास आपल्याला अगदीच परका नाही. १८१० साली स्थापन झालेल्या, बॉस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले, १८२६ साली त्यांनी मराठी नवा करार छापून काढला, आणि १८३१ च्या डिसेंबरात ते अहमदनगरास (आजचे अहिल्यानगर) राहावयास गेले. त्याच बोर्डाचे दुसरे काही सेवक त्याच महिन्यात आपल्याच देशात, जॉर्जिया राज्याच्या तुरुंगात, सक्तमजुरी करीत होते. ते तेथे कसे गेले हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

इंग्रजांची पहिली टिकाऊ वसाहत १६०७ साली व्हर्जिनियात जेम्सटाउन येथे झाली. तेथेच १६१९ साली आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे विकली गेली, हेही विसरू नये. १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून यात्रेकरू लोक प्लिमथला आले. पहिल्याच हिवाळ्यात त्यांतील निम्मे मेले. उरलेल्यांना मका पेरावयास शिकवले ते तेथल्या मूळ रहिवाशांनी. १६२१ साली वांपानोआग लोकांचा प्रमुख मॅसॅसॉइट याने त्यांच्याशी तह केला. शब्बाथ शाळेत ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते आणि उपकारस्तुतीच्या जेवणापाशी येऊन थांबते. पुढची पिढी मात्र सांगायची राहते. याच मॅसॅसॉइटचा मुलगा मेटाकॉम १६७६ साली इंग्रजांशी झालेल्या लढाईत मारला गेला, आणि त्याचे शिर प्लिमथमध्ये खांबावर लावले गेले.

मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीची मोहर पाहण्याजोगी आहे. तिच्यावर एक मूळ रहिवासी उभा असून त्याच्या तोंडी मासेदोनियातील माणसाची हाक घातलेली आहे (प्रेषितांची कृत्ये १६:९ पाहा). त्याने ती कधी मारली नव्हती. ती मोहर इंग्लंडात तयार झाली. ती हाक मनापासून ऐकणारेही होते. जॉन एलियट यांनी त्या लोकांची भाषा शिकून तीत सबंध पवित्र शास्त्राचे भाषांतर केले व १६६३ साली छापले. अमेरिकेत छापलेले ते पहिलेच पवित्र शास्त्र होय. पण १६७५ साली मेटाकॉमची लढाई पेटताच, एलियट यांच्या हाताखाली ख्रिस्ती झालेल्या लोकांनासुद्धा संशयावरून बॉस्टनच्या बंदरातील एका उघड्या बेटावर नेऊन ठेवले. थंडीने व उपासमारीने त्यांतील पुष्कळ मेले. बाप्तिस्मा झाला होता, पण शेजाऱ्यांचा विश्वास काही मिळाला नव्हता.

वसाहतवाल्यांपैकी बरेच जण स्वतःला इस्राएल आणि त्या देशाला कनान समजत. मग तेथे आधीपासून राहणारे कोण ठरले, हे सांगावयास नको. रॉजर विल्यम्स यांनी मात्र विचारले की, जी जमीन इंग्लंडच्या राजाची नाही ती तो सनदेने देतो कशी? या व इतर मतांबद्दल १६३५ साली त्यांना वसाहतीतून हद्दपारीची शिक्षा झाली.

तेरा वसाहतींनी १७७६ साली स्वातंत्र्य पुकारले, १७८३ साली इंग्लंडने ते मान्य केले, आणि १८०३ साली फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरांना लुइझियानाचा अफाट मुलूख विकत घेऊन देश जवळजवळ दुप्पट झाला. विकणारा आणि घेणारा, दोघेही त्या जमिनीवर राहत नव्हते.

आता चेरोकी लोकांकडे वळू. ते दक्षिणेत, जॉर्जिया, टेनेसी वगैरे भागांत राहत. १७९१ च्या तहाने अमेरिकन सरकारने त्यांच्या उरलेल्या जमिनीची हमी दिली होती. १८१७ साली बोर्डाने त्यांच्यामध्ये ब्रेनर्ड येथे ठाणे उघडले. या लोकांत सिक्वोया नावाचा एक कारागीर होता. त्याला इंग्रजी लिहिता-वाचता येत नसे. गोरे लोक कागदावर बोलतात हे पाहून त्याने आपल्या भाषेतील एकेका अक्षरध्वनीसाठी एकेक खूण बसवली आणि १८२१ च्या सुमारास सुमारे ८५ खुणांची लिपी पुरी केली. आपल्या बाराखडीवर वाढलेल्या मुलांना ही गोष्ट लवकर समजेल. थोड्याच वर्षांत लोक भराभर वाचू लागले. १८२७ साली त्यांनी आपली राज्यघटना लिहिली, आणि १८२८ च्या फेब्रुवारीत ‘चेरोकी फिनिक्स’ हे वर्तमानपत्र निघाले. संपादक एलायस बूडिनो हे चेरोकी ख्रिस्ती होते. लिपीचे खिळे बॉस्टनहून आणवले ते बोर्डाचे मिशनरी सॅम्युएल वूस्टर यांनी.

म्हणजे सुधारणा करा, शेती करा, शिका, ख्रिस्ती व्हा, असे जे सांगितले जात होते, त्यातले पुष्कळ यांनी केले होते. गोऱ्यांच्या मळेवाल्यांप्रमाणे त्यांच्यातील श्रीमंतांनी काळे गुलामही ठेवले होते. १८३५ च्या गणतीत ते सुमारे १६०० भरले. हे शिक्षकांनी झाकू नये. नाबोथाचे वतन नाबोथाचे ठरण्यासाठी नाबोथ निष्पाप असावा लागत नाही.

१८२८-२९ मध्ये त्यांच्या मुलखात सोने सापडले. १८३० च्या मे महिन्यात अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी पूर्वेकडील जमातींना मिसिसिपीपलीकडे हलवण्याच्या कायद्यावर सही केली. लोकसभागृहात तो १०२ विरुद्ध ९७ मतांनी पास झाला होता. त्याविरुद्ध लेखामागून लेख लिहिणारे जेरेमाया एव्हर्ट्स हे बोर्डाचे चिटणीस. मुंबईच्या मिशनऱ्यांची पत्रे ज्यांच्या टेबलावर येत तेच हे गृहस्थ. १८३१ साली ते वारले.

जॉर्जियाने नवा कायदा केला की, चेरोकी मुलखात राहणाऱ्या गोऱ्या माणसाने राज्याशी एकनिष्ठेची शपथ घेऊन परवाना काढावा. वूस्टर यांनी शपथ घेतली नाही. प्रथम पकडले तेव्हा ते टपाल-मास्तर म्हणून सुटले; मग ती नोकरीच काढून घेतली गेली आणि पुन्हा पकडले. १८३१ च्या सप्टेंबरात अकरा जणांना चार वर्षे सक्तमजुरी झाली. नऊ जणांनी माफी पत्करली. वूस्टर आणि डॉक्टर एलायझर बटलर हे मिलेजव्हिलच्या तुरुंगात गेले.

३ मार्च १८३२ रोजी सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश जॉन मार्शल यांनी निवाडा दिला : चेरोकी मुलखात जॉर्जियाचा कायदा चालत नाही, शिक्षा रद्द. जॉर्जियाने निवाडा मानला नाही आणि कैदी तुरुंगातच राहिले. त्याच वर्षी राज्याने चेरोकी जमिनीचे तुकडे पाडून गोऱ्यांमध्ये सोडत काढली. पुढे दक्षिण कॅरोलिना व मध्यवर्ती सरकार यांच्यात तंटा पेटला, यादवी होईल अशी भीती पसरली, आणि बॉस्टनहूनही दावा पुढे न नेण्याचा सल्ला आला. दोघांनी दावा सोडला व १८३३ च्या जानेवारीत ते सुटले. सोळा महिने तुरुंग सोसलेल्यांना दोष द्यावयास माझे मन धजत नाही; बॉस्टनच्या कमिटीबद्दल मात्र तसे म्हणवत नाही.

मग मोहरेचा कागद आला. १८३५ च्या डिसेंबरात न्यू एकोटा येथे एका लहान गटाने पन्नास लाख डॉलरांच्या बदल्यात सारा मुलूख लिहून दिला. सही करणाऱ्यांत बूडिनो होते. आता वाचायचे तर जाणेच बरे, असे त्यांचे मत झाले होते. प्रमुख जॉन रॉस यांनी पंधरा हजारांहून अधिक लोकांच्या नावांनिशी विरोधाचा अर्ज केला. सेनेटने तह मंजूर केला, तो आवश्यक बहुमताहून एका मताने.

१८३८ च्या मे महिन्यात सैन्य आले. लोकांना घरांतून काढून कुंपणांच्या छावण्यांत कोंडले; तेथे हगवणीने माणसे मेली. त्या हिवाळ्यात हजार किलोमीटरहून लांबची वाट, पुष्कळांनी पायी. मिसिसिपीत बर्फ आल्याने काही तुकड्या काठावरच अडकल्या. एका तुकडीचे पुढारी जेसी बुशीहेड हे चेरोकी बॅप्टिस्ट उपदेशक होते. बोर्डाचे डॅनिअल बट्रिक लोकांबरोबर चालले. डॉक्टर बटलरही बरोबर होते. सुमारे १६००० पैकी ४००० वर मेले असावेत, हा त्यांचाच अंदाज आहे. गुलामही त्याच वाटेने गेले, मालकांचे सामान घेऊन.

१८३९ च्या जूनमध्ये तहाच्या रागाने बूडिनो यांचा खून झाला. वूस्टर पश्चिमेस पार्क हिल येथे छापखाना चालवीत राहिले व १८५९ साली तेथेच वारले. पुढल्याच वर्षी बोर्डाने चेरोकी काम बंद केले. गुलामगिरीचा वाद हे त्याचे मोठे कारण. दरम्यान १८४८ साली कॅलिफोर्नियात सोने निघाले, आणि १८६९ साली रेल्वेने दोन्ही किनारे जोडले. वूस्टर व बटलर यांना जॉर्जियाने माफी दिली ती १९९२ साली.

हा पाठ एका रविवारात उरकू नये. फळ्यावर नकाशा काढून अटलांटिकचा किनारा, जॉर्जिया, मिसिसिपी आणि पलीकडचा ओक्लाहोमा एवढे दाखवावे. मोठ्या वर्गात आठवे ते अकरावे वचन पुन्हा वाचून घ्यावे आणि विचारावे : पत्रे इज्रेलातील वडील मंडळींना गेली होती, ते नाबोथाचे गावकरी होते. त्यांतील एकाने नकार दिला असता तर? उत्तराची घाई करू नये. लहान मुलांना सिक्वोयाच्या अक्षरांचीच गोष्ट सांगावी. तेवढ्यात तास भरेल.