एकोणसाठ गुणसूत्रांचा देखणा वळू

१. गाय उलटली, म्हणजे रेतन करूनही पुन्हा माजावर आली, की सगळ्यांचं बोट आधी गायीकडेच जातं. जळगावातल्या मेहरूणच्या आणि आसपासच्या गोठ्यांत पशुवैद्यक म्हणून फिरताना मी हे सतत ऐकतो, "डॉक्टरसाहेब, हिच्यातच खोट आहे, बाजार दाखवू का?" वळूचा विषय कुणी काढत नाही. काढणार तरी कसा? त्याला कुणी पाहिलेलंच नसतं. तो येतो द्रव नायट्रोजनच्या कॅनमधून, उणे १९६ अंशांवर गोठवलेल्या रेताच्या एका बारीक नळीत.

२. खोट असलेला वळू दिसायला देखणा असू शकतो, हे मला फार उशिरा उमगलं आणि अजूनही पुरतं पचलेलं नाही. गाईबैलांच्या पेशीत ६० गुणसूत्रं असतात, म्हणजे ३० जोड्या. १९६४ साली स्वीडनमध्ये इंगेमार गुस्तावसन गुरांच्या रक्ताच्या कर्करोगाचा अभ्यास करत होते, तेव्हा काही जनावरांत ५९च भरली. पहिल्या जोडीतलं एक गुणसूत्र एकोणतिसाव्या जोडीतल्या एकाला चिकटून दोघांचं एकच झालं होतं. जनुकांचा साठा जवळजवळ सगळा शाबूत, म्हणून जनावर धडधाकट. घोळ होतो तो बीज तयार होताना. काही शुक्रपेशींत वाटणी चुकते, त्यांपासून राहिलेला गर्भ अगदी सुरुवातीलाच जातो आणि गाय पुन्हा माजावर येते. ती गाभण राहिली होती, हेसुद्धा घरात कळत नाही. गाभण राहण्याचं प्रमाण थोडंच घटतं, त्यामुळे एका गोठ्यात काहीच दिसत नाही. पण त्या एका वळूच्या हजारो रेतमात्रा गावोगाव जातात आणि साधारण निम्म्या वासरांत तीच जोडणी उतरते. स्वीडनने असे वळू रेतनातून काढून टाकले. आपल्याकडेही गोठित रेताच्या सरकारी मानकांत वळूची गुणसूत्र तपासणी आहे. एका वळूचं रक्त तपासलं की किती घरांतल्या गायींवरचा आळ टळतो!

३. या तपासणीला रक्त जिवंत लागतं. हेपरिनच्या नळीत घेतलेलं रक्त गोठू द्यायचं नाही, तापू द्यायचं नाही, थेट बर्फावरही ठेवायचं नाही. जळगावच्या मे महिन्यात हे म्हणजे परीक्षाच. प्रयोगशाळेत पांढऱ्या पेशी सुमारे तीन दिवस वाढवतात, विभाजन ऐन मध्यावर थांबवतात, रंग देऊन मोजतात. गाईची लिंगगुणसूत्रं सोडून बाकी सगळ्यांचे दोन धागे एका टोकालाच जोडलेले असतात, त्यामुळे दोन गुणसूत्रं चिकटून झालेलं लांब गुणसूत्र चटकन नजरेत भरतं.

४. उलटणाऱ्या प्रत्येक गाईचं रक्त पाठवायचं नसतं. चुकलेला माज, क्षारांची कमतरता, गर्भाशयाचा दाह, खानदेशातला उन्हाळा : आधी हे बघायचं. बहुतेकदा उत्तर इथेच सापडतं.

५. मला सर्वांत जड जातं ते जुळ्यातल्या कालवडीबद्दल बोलणं. गोऱ्हा आणि कालवड जुळी झाली की घर आनंदतं, घरातल्या ताई दोघांची नावंही ठेवून मोकळ्या होतात. पण गर्भात त्या दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या बहुधा जोडल्या जातात. भावाचे संप्रेरक बहिणीकडे येतात आणि तिचे जननअवयव नीट घडत नाहीत. अशा दहांतल्या नऊहून अधिक कालवडी वांझ निघतात. रक्त तपासलं तर तिच्या मादीच्या पेशींमध्ये नराच्या, एक्स-वाय पेशी सापडतात. भावाच्या रक्ताचा तो वाटा जन्मभर तिच्या अंगात वाहत राहतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून होतो. मात्र ही चाचणी कालवड लहान असतानाच करायला हवी. दोन-अडीच वर्षं चारापाणी करून मग "ही फळणार नाही" असं सांगणं फार वाईट.

६. "अस्सल देशी" या शब्दावर गुणसूत्रंही थोडं बोलतात. देशी वळूचं वाय गुणसूत्र एका टोकाला जोडलेलं असतं, तर होल्स्टीन-जर्सीच्या वायची जोडणी मध्याकडे सरकलेली असते. म्हणून वशिंड डौलदार असलं, तरी बापाकडच्या ओळीत विलायती वळू होता का, ते सूक्ष्मदर्शकाखाली कळतं. वळू विकत घेणारे भाऊ मला हे विचारतात, तेव्हा पुढचंही सांगावं लागतं : वाय फक्त बापाकडून येतं. आईच्या बाजूने काय मिसळलंय, त्यासाठी डीएनएची चाचणी निराळी.