स्मृतिभ्रंश आणि मेंदूंतील बदल

'साठी बुद्धि नाठी' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहोंत. घरांतील एखादें वृद्ध माणूस तीच गोष्ट चार वेळां विचारूं लागलें, नुकतेंच जेवून उठल्यावर 'मला कोणीं वाढलेंच नाहीं' अशी तक्रार करूं लागलें, किंवा स्वतःच्या घरांत बसून 'मला घरीं पोंचवा' असा हट्ट धरूं लागलें, कीं ही म्हण कोणाच्या तरी तोंडून निघतेच. कोणी त्यास 'म्हातारचळ' म्हणतो, आणि मुलें हंसतात. वस्तुतः साठी उलटलेल्या बहुतेक माणसांची बुद्धि शाबूत असते. वयोमानानें थोडेंफार विस्मरण होतें, हें खरें. परंतु नित्याचे व्यवहारही करतां येऊं नयेत इतकी स्मृति व विचारशक्ति ढासळणें हा वार्धक्याचा धर्म नव्हे. तो मेंदूच्या रोगाचा परिणाम आहे. या अवस्थेस स्मृतिभ्रंश असें म्हणतात. तिचीं कारणें अनेक आहेत. त्यांपैकीं सर्वांत अधिक आढळणारा जो अल्झायमरचा रोग, त्याच्या संशोधनाची हकीकत येथें थोडक्यांत सांगावयाची आहे.

इ. स. १९०१ च्या नोव्हेंबर महिन्यांत जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरच्या मनोरुग्णालयांत ऑगुस्टे डेटर नांवाची ५१ वर्षांची एक स्त्री दाखल झाली. ती नवऱ्याविषयीं अकारण संशय घेऊं लागली होती. वस्तु कोठें तरी लपवून ठेवी, आणि स्वतःच्या घरांतही वाट चुके. तेथील डॉक्टर अलोइस अल्झायमर यांनीं तिला नांव विचारलें. तिनें 'ऑगुस्टे' असें सांगितलें. आडनांव विचारलें, पुन्हां 'ऑगुस्टे'. नवऱ्याचें नांव विचारलें, तरीही उत्तर तेंच. तिला लिहावयास सांगितलें असतां आपलें नांवही तिला पुरतें लिहितां येईना. 'मी स्वतःलाच हरवून बसलें आहें' अशा अर्थाचे उद्गार ती काढीत असे. डॉक्टरांनीं हे सर्व प्रश्न व उत्तरें जशींच्या तशीं लिहून ठेविलीं. ते कागद पुढें नाहींसे झाले होते. ते १९९५ मध्यें फ्रँकफुर्ट येथें पुन्हां सांपडले.

इ. स. १९०६ च्या एप्रिलमध्यें ती स्त्री मरण पावली. अल्झायमर त्या वेळीं म्यूनिक येथें काम करीत होते. त्यांनीं तिचा मेंदू मागवून घेतला, त्याचे अत्यंत पातळ काप केले, ते रुप्याच्या क्षारानें रंगविले आणि सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं तपासले. मेंदूचा पृष्ठभाग आक्रसला होता. पुष्कळ पेशी नष्ट झाल्या होत्या, आणि कित्येकींच्या जागीं केवळ दोऱ्यांच्या गुंत्यासारखे तंतू शिल्लक राहिले होते. शिवाय पेशींच्या बाहेर एका विलक्षण पदार्थाचे बारीक डाग जागोजाग पसरलेले होते. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ट्युबिंगेन येथें डॉक्टरांच्या सभेपुढें त्यांनीं हें सर्व मांडलें. पण श्रोत्यांनीं त्याची फारशी दखल घेतली नाहीं. पुढें १९१० मध्यें क्रेपेलीन या नामांकित मानसरोगतज्ज्ञानें आपल्या पाठ्यग्रंथांत या रोगास अल्झायमरचें नांव दिलें.

हे डाग व गुंते कशाचे बनलेले असतात, हें कळावयास आणखी पाऊणशें वर्षें लोटलीं. आपल्या मेंदूंत सुमारें ८६०० कोटी मज्जापेशी असतात. प्रत्येक पेशीचे धागे इतर हजारों पेशींशीं संधान बांधतात. आपलें शिकणें, आठवणें व ओळखणें या संधानांवरच चालतें. इ. स. १९८४ मध्यें ग्लेनर व वाँग या अमेरिकन संशोधकांनीं एक लहान प्रथिन वेगळें काढलें, आणि बाहेरील डाग त्याचेच बनलेले असतात, असें पुढें ठरलें. त्यास अमिलॉइड म्हणतात. तें एका मोठ्या प्रथिनाचा कापला गेलेला तुकडा असून त्याचे कण एकमेकांस चिकटून त्यांचा थर बनतो. पेशीच्या आंतील गुंते हे 'टाऊ' नांवाच्या दुसऱ्या प्रथिनाचे असतात. मज्जापेशींत पोषक द्रव्यें इकडून तिकडे नेण्यासाठीं जणूं आगगाडीचे रूळ घातलेले असतात. टाऊ हें त्या रुळांखालील स्लीपरांप्रमाणें त्यांस आवळून धरतें. रोगांत तें सुटून येतें व त्याचा गुंता होतो. मग रूळ विसकटतात, वाहतूक बंद पडते, आणि पेशी मरते.

हे गुंते मेंदूंत एकदम सर्वत्र होत नाहींत. हाइको व एव्हा ब्राक या जर्मन दांपत्यानें १९९१ मध्यें त्यांचा क्रम दाखवून दिला. कानशिलाच्या आंतल्या बाजूस समुद्रघोड्याच्या आकाराचा एक भाग आहे. नव्या आठवणी तेथें सांठविण्याचें काम चालतें. गुंत्यांचा आरंभ या भागाच्या शेजारीं होतो. तेथून ते या भागांत, व मग हळूहळू मेंदूच्या पृष्ठभागावर पसरतात. म्हणूनच सकाळीं कोण येऊन गेलें हें आजीला आठवत नाहीं. पण लहानपणीं जात्यावर म्हटलेल्या ओव्या ती न चुकतां म्हणते. जुना सांठा शाबूत आहे. नवा माल आंत येण्याचें दारच बंद झालें आहे. ती सोंग करीत नाहीं. बाह्य लक्षणें दिसूं लागण्यापूर्वीं पंधरा-वीस वर्षें आधींच अमिलॉइड सांचूं लागतें, हेंही आतां सिद्ध झालें आहे.

तथापि डाग दिसले म्हणजे बुद्धि गेलीच, असें मात्र नाहीं. इ. स. १९८६ मध्यें डेव्हिड स्नोडन या संशोधकानें अमेरिकेंत 'स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम' या संघांतील भगिनींचा अभ्यास सुरू केला. पुढें ७५ वर्षांवरील ६७८ भगिनींनीं त्यांत भाग घेतला. यांतील बहुतेकींनीं सारा जन्म शाळांत शिकविण्यांत घालविला होता. दरवर्षीं आपल्या स्मरणशक्तीची परीक्षा द्यावयाची, आणि मरणानंतर आपला मेंदू संशोधनासाठीं द्यावयाचा, असें वचन त्यांनीं दिलें. आयुष्यभर शिकविलें, आणि मरणानंतरही शिकवीतच राहिल्या! त्यांच्यापैकीं एक भगिनी शंभरी ओलांडून वारली. अखेरपर्यंत परीक्षेंत तिला चांगले गुण मिळत होते. मेंदू तपासला असतां मात्र त्यांत डाग व गुंते विपुल आढळले. या भगिनींनीं तरुणपणीं, विशी उलटतांना, लिहिलेलीं आत्मवृत्तें मठांत जपून ठेविलेलीं होतीं. ज्यांचें लेखन विचारांनीं भरलेलें होतें, त्यांना वार्धक्यांत हा रोग कमी प्रमाणांत जडला, असें दिसून आलें. एवढ्यावरून लेखनानें रोग टळतो असें सिद्ध होत नाहीं. परंतु शिक्षणानें व मनाच्या व्यायामानें मेंदूंत कांहीं राखीव बळ सांठत असावें, असें पुष्कळ तज्ज्ञ मानतात. एक पाट बुजला तरी दुसऱ्या पाटानें पाणी मळ्यास पोंचावें, तसें हें आहे.

हा रोग समूळ बरा करणारें औषध अद्यापि सांपडलेलें नाहीं. इ. स. २०२३ मध्यें अमेरिकेंत 'लेकानेमॅब' या औषधास पूर्ण मान्यता मिळाली. तें मेंदूंतील अमिलॉइड कमी करतें. प्रारंभींच्या अवस्थेंतील रुग्णांस तें १८ महिने दिलें असतां त्यांची घसरण सुमारें २७ टक्क्यांनीं मंदावली. थांबली मात्र नाहीं. शिवाय कांहींच्या मेंदूस त्यानें सूज येते किंवा रक्तस्राव होतो. प्रतिबंधाची बाजू यापेक्षां अधिक आशादायक आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानें नेमलेल्या तज्ज्ञमंडळानें १९२४ नंतर शंभर वर्षांनीं, म्हणजे २०२४ मध्यें, टाळतां येण्याजोगीं १४ कारणें सांगितलीं. अपुरें शिक्षण, बहिरेपणा, मंद दृष्टि, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, अतिमद्यपान, डोक्यास झालेली इजा, व्यायामाचा अभाव, दूषित हवा व एकलकोंडें जीवन हीं त्यांतील कांहीं होत. या सर्वांचा बंदोबस्त झाल्यास सुमारें ४५ टक्के रुग्णांत रोग टळेल किंवा लांबणीवर पडेल, असा त्या मंडळाचा अंदाज आहे.

पालकांस एक सूचना करणें अगत्याचें वाटतें. विस्मरण दिसूं लागतांच 'वयच झालें' म्हणून स्वस्थ बसूं नये. जीवनसत्त्व ब-१२ ची उणीव, गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचा विकार किंवा मनाची खिन्नता यांमुळेंही स्मृति मंदावते, आणि त्यांवर उपचार आहेत. म्हणून वैद्यकीय तपासणी अवश्य करावी.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमचेंही एक कर्तव्य आहे. आजोबांनीं तोच प्रश्न दहाव्यांदा विचारला, तर दहाव्यांदाही पहिल्याच शांतपणें उत्तर द्या. 'मीं आतांच नाहीं का सांगितलें?' असें म्हणूं नका, आणि 'ओळखा पाहूं मी कोण?' अशी परीक्षाही घेऊं नका. जवळ जाऊन आपणच आपलें नांव सांगा. त्यांस जुन्या गोष्टी विचारा, त्यांच्याबरोबर फिरावयास जा. तुमचें नांव त्यांच्या स्मरणांतून गेलें, तरी तुमच्या स्वरांतील माया त्यांना बराच काळ कळत असते. मेंदूंतील डाग पुसण्याची विद्या मोठ्या प्रयोगशाळांत सिद्ध होईल तेव्हां होवो. पण त्या माणसाचा मान राखण्याची विद्या आज आपल्या घरींच शिकतां येते.