२५ वॉटचे आयर्न कुठे अडते?

इलेक्ट्रॉनिक्सचा छंद लागलेल्या विद्यार्थ्याचे पहिले सोल्डरिंग आयर्न बहुधा २५ वॉटचे असते. रोधक, ट्रान्झिस्टर, एलईडी यांची बारीक टोके त्याने छान जोडली जातात. मग एके दिवशी बोर्डावरच्या रुंद तांब्याच्या पट्टीला जाड वायर जोडायची वेळ येते आणि सगळे अडते. सोल्डर पसरतच नाही, गोळी होऊन बसते. विद्यार्थी आयर्न दाबून धरून ठेवतो, आणि थोड्या वेळाने तांब्याची पट्टीच बोर्डापासून सुटून वर येते. चार दिवस खपून केलेला बोर्ड वाया जातो. 'आपला हात अजून बसलेला नाही' अशी तो स्वतःची समजूत घालतो.

पुष्कळदा दोष हाताचा नसतो, उष्णतेच्या हिशेबाचा असतो. हा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राने मांडता येतो. तुम्ही नवे सोल्डरिंग स्टेशन घेण्याच्या विचारात असाल, तर पैसे मोजण्यापूर्वी तो एकदा मांडून पहा.

प्रथम किती तापमान लागते ते पाहू. ६३ टक्के कथील व ३७ टक्के शिसे यांचा मिश्रधातू १८३ अंश सें. ला वितळतो. शुद्ध कथील २३२ अंशांना आणि शुद्ध शिसे ३२७ अंशांना वितळते. म्हणजे मिश्रण दोघांहूनही कमी तापमानाला वितळते. युरोपात १ जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिशाच्या वापरावर निर्बंध आले. त्यानंतर कथील, चांदी व तांबे यांचे बिनशिशाचे सोल्डर रूढ झाले. ते २१७ ते २२० अंशांना वितळते. जोड चांगला बसायचा तर जोडायच्या धातूंचे तापमान याच्या ३०-४० अंश वर न्यावे लागते. उष्णता वाहायला तापमानात फरक हवा, म्हणून आयर्नचे टोक ३२० ते ३७० अंशांच्या आसपास ठेवतात.

मग साधे आयर्न इतके तापत नाही का? तापते, बऱ्याचदा अधिकच तापते. खरी गोम पुढेच आहे.

साध्या आयर्नमध्ये तापमान राखणारी कसलीही योजना नसते. आत तारेचे वेटोळे असते. २३० व्होल्टवर २५ वॉट, म्हणजे त्याचा रोध २३० चा वर्ग भागिले २५, सुमारे २,११६ ओहम. आयर्न तापत जाते तशी त्याच्याकडून हवेत जाणारी उष्णताही वाढत जाते. जेव्हा सेकंदाला २५ ज्यूल आत येतात आणि २५ ज्यूलच बाहेर जातात, तेव्हा तापमान स्थिर होते. समजा ते ३८० अंशांवर स्थिर झाले. आता विचार करा, या क्षणी जोडासाठी शिल्लक किती? शून्य! सर्वच्या सर्व २५ वॉट हवा तापविण्यात खर्च होत आहेत.

आयर्न जोडाला टेकवले की टोकातली साठलेली उष्णता जोडात जाते आणि टोक थंड होऊ लागते. समजा टोकाचे वजन ५ ग्रॅम आहे. तांब्याची विशिष्ट उष्णता ग्रॅमला सुमारे ०.३९ ज्यूल. टोक १०० अंशांनी उतरले तर ५ × ०.३९ × १००, म्हणजे १९५ ज्यूल मिळतात. उलट १० ग्रॅम तांबे ३० अंशांवरून २३० अंशांवर न्यायला १० × ०.३९ × २००, म्हणजे ७८० ज्यूल हवेत. पुंजी अपुरी पडली. उरलेले ज्यूल वेटोळ्याने द्यायचे. पण हवेत होणारी गळती सर्वसाधारणपणे खोलीपेक्षा जितके अंश वर, त्या प्रमाणात असते असे धरू. ३८० अंशांना, म्हणजे ३५० अंशांच्या फरकाला २५ वॉट. तर २८० अंशांना, म्हणजे २५० अंशांच्या फरकाला सुमारे १८ वॉट. जोडासाठी उरले ७ वॉट. कमी पडणारे ५८५ ज्यूल ७ वॉटने भरून काढायला ८० सेकंदांहून अधिक वेळ लागेल, आणि तेवढ्यात तापलेले तांबेही हवेत व बोर्डात उष्णता गमावत राहणार. एवढ्या वेळात तांब्याची पट्टी बोर्डाला धरून ठेवणारे राळेचे बंधन ढिले होते. पट्टी उखडते ती अशी.

गावाकडच्या वाचकांसाठी आणखी एक अडचण आहे. वेटोळ्याची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. संध्याकाळी व्होल्टेज १९० पर्यंत उतरले तर २५ वॉटचे आयर्न १७ वॉटचे होते आणि टोक २७० अंशांच्या आसपासच थांबते. रात्री व्होल्टेज २५० वर गेले तर तेच टोक ४४० अंश गाठू पाहते. मग टोक काळे पडते, सोल्डरमधला राळेचा फ्लक्स काम करण्याआधीच जळून जातो. एकच आयर्न, एकच हात, पण संध्याकाळचे जोड निराळे आणि रात्रीचे निराळे.

मग ५० वॉटचे साधे आयर्न आणावे का? ही चूक फार जण करतात. जाड वायरीला ते कामी येते. पण मोकळे ठेवले की त्याचे टोक फार तापते आणि बारीक भागांना ते धोक्याचे ठरते.

स्टेशनची खुबी जास्त वॉटमध्ये नाही, नियंत्रणात आहे. टोकाजवळ एक तापविद्युत् युग्म किंवा तत्सम संवेदक असतो. टोक ठरलेल्या तापमानाखाली जरा उतरले की विद्युत्मंडल पूर्ण शक्ती सोडते, तापमान भरले की शक्ती आवरते. समजा ६० वॉटच्या स्टेशनला ३५० अंश राखायला १५ वॉट पुरतात. म्हणजे ४५ वॉट राखीव आहेत, आणि ते मिळण्यासाठी टोक १०० अंश थंड होण्याची वाट पहावी लागत नाही. व्होल्टेज थोडे खालीवर झाले तरी तापमान ढळत नाही.

हेच काम इलेक्ट्रॉनिक्सशिवाय करणारी एक सुंदर युक्ती वेलर या कंपनीच्या जुन्या स्टेशनांत होती. टोकाच्या मागच्या बाजूला विशिष्ट मिश्रधातूची चकती असे. थंड असताना ती चुंबकाला ओढून घेई व स्विच चालू होई. प्रत्येक लोहचुंबकीय पदार्थ एका ठराविक तापमानाला आपले चुंबकत्व गमावतो. पिएर क्यूरी यांच्या नावाने त्याला क्यूरी बिंदू म्हणतात. लोखंडाचा तो ७७० अंश आहे, निकेलचा सुमारे ३५८. चकती क्यूरी बिंदूला पोचली की चुंबक सुटे, स्विच बंद होई. तापमान बदलायचे तर टोकच बदलायचे! टोकावर ७ आकडा असला तर ७०० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ३७० अंश सें. मला स्वतःला आजच्या आकडे दाखवणाऱ्या पडद्यापेक्षा ही रचना अधिक आवडते. पडद्यावरचा आकडा संवेदकाचा असतो. टोकाचे तापमान त्याहून थोडे निराळे असू शकते, हे ध्यानात ठेवा.

घेताना काय पहावे? तीन पिनांचा प्लग आणि टोकाला खरोखर अर्थिंग जोडलेले असणे ही पहिली गोष्ट. गळती विद्युतेने मॉस जातीच्या आयसी बिघडतात आणि माणसालाही झटका बसू शकतो. दुसरे, टोके बाजारात सुटी मिळतात का ते विचारा. टोक आतून तांब्याचे, वरून लोखंडाचा मुलामा दिलेले असते, कारण वितळलेले कथील तांबे विरघळवते. हा मुलामा कानशीने किंवा पॉलिश पेपरने घासला की टोक संपलेच. ते ओल्या स्पंजावर पुसावे आणि सोल्डरचा पातळ थर देऊन ठेवावे. सुईसारख्या टोकापेक्षा छिन्नीच्या आकाराचे टोक घ्या; संपर्काचे क्षेत्र वाढते व उष्णता लवकर वाहते. पैसे कमी असतील तर साध्या आयर्नलाच असे टोक आणि उत्तम फ्लक्स असलेली तार वापरा. निम्मी अडचण तिथेच मिटेल, आणि बारीक काम करणाऱ्याला स्टेशनची घाई नाही.

सोल्डरचा धूर मुख्यतः राळेचा असतो. तो श्वासनलिकेला त्रास देतो, म्हणून खिडकीजवळ बसा. शिसे या तापमानाला वाफ होऊन उडत नाही. ते बोटांवरून पोटात जाते. हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावू नका.

शिक्षकांना वर्गात एक प्रयोग करता येईल. घरगुती वायरिंगमधल्या २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचे सारख्या लांबीचे दहा तुकडे घ्या. प्रत्येक तुकड्याच्या एका बाजूला आयर्न टेकवून दुसऱ्या बाजूला सोल्डर धरा आणि ते वितळायला लागणारे सेकंद मोजा. मध्ये न थांबता दहाही तुकडे करा. एकदा साध्या आयर्नने, एकदा कोणाकडून उसन्या आणलेल्या स्टेशनने. तुकड्याचा क्रमांक आडव्या अक्षावर, सेकंद उभ्या अक्षावर घेऊन दोन्ही आलेख एकाच कागदावर काढा. साध्या आयर्नची रेषा कितव्या तुकड्यापासून वर चढू लागते, आणि पुढे कुठे सपाट होते, ते वरच्या हिशेबाशी ताडून पहा.