आधी वर्षाचे किलोमीटर मोज

बेळगाव,
७ डिसेंबर २०२५

चि. सौ. बेबीस, अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. येत्या मेअखेर तू शाळेतून निवृत्त होणार, निपाणीतच राहणार, आणि हाती येणाऱ्या रकमेतून एक छोटी एसयूव्ही घ्यावी असे तुम्हा दोघांच्या मनात आहे. पंच, एक्स्टर, फ्रॉन्क्स, नेक्सॉन आणि ब्रेझा अशी तुझी यादी आहे, आणि प्रत्येकीपुढे तिचे ॲव्हरेज लिहिले आहेस. गाडी घ्यावी याच मताचा मी आहे. साठीनंतर कोल्हापूरच्या डॉक्टरांकडे जाताना कुणाच्या सवडीची वाट पाहावी लागू नये, एवढ्या कारणासाठीही ती घेण्यासारखी आहे. पण तुझ्या यादीत ॲव्हरेजच्या आधीचा एक रकाना राहून गेला आहे. ही गाडी वर्षाला किती किलोमीटर धावणार? तो भरलास की दिसेल, कमी पेट्रोल पिणारी गाडी आणि कमी खर्चात पडणारी गाडी एकच असते असे नाही. निवृत्तीत आपल्याला दुसरी हवी असते.

निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव पाऊणशे. महिन्यातून दोनदा कोल्हापूर आणि एकदा बेळगाव धरले तर जाऊन-येऊन वर्षाला पावणेचार हजार किलोमीटर होतात. गावातला बाजार, बँक, लग्नकार्ये यांना दीड हजार धर. पुण्याच्या दोन फेऱ्या अकराशे आणि कोकण-गोव्याची एखादी सहल पाचशे. सगळे मिळून सात हजारांच्या आतच राहते. नोकरीत वर्षाचे किलोमीटर वाढतात ते रोजच्या ये-जेमुळे, आणि तीच आता थांबणार आहे. शिवाय जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या साध्या सरकारी बसना बायकांना तिकीट नाही. एकटीला बेळगावला यायचे असेल तेव्हा तू गाडी काढशीलच असे नाही. म्हणजे सात हजार हा आकडा मी सढळ हाताने धरला आहे.

आता या सात हजारांवर ॲव्हरेजचा हिशेब मांड. कंपनी सांगते तो आकडा चाचणीकेंद्रात गाडी रोलरवर चालवून, ठरीव वेगाने काढलेला असतो. आपल्या रस्त्यांवर एसी लावून, गतिरोधक ओलांडत आणि घाट चढत तो कधीच मिळत नाही. म्हणून प्रत्यक्षातलेच धरू: एक गाडी लिटरला १५ देते, दुसरी १८. पेट्रोल शंभरीच्या वर आहे, पण सोयीसाठी १०० रुपये लिटर धर. पहिलीला वर्षाला ४६७ लिटर लागतात, दुसरीला ३८९. फरक ७८ लिटरचा, म्हणजे ७,८०० रुपयांचा. महिन्याला साडेसहाशे. ज्या तीन किलोमीटरसाठी माणसे दोन-तीन लाख जास्त मोजायला तयार होतात, त्यांची किंमत एवढीच आहे.

याच्या शेजारी दुसरा खर्च ठेव. तो पंपावर दिसत नाही, म्हणून आपण तो धरत नाही. विम्याच्या कोष्टकात नव्या गाडीची किंमत पहिल्या वर्षाअखेर १५ टक्के घटते आणि पाच वर्षांनी निम्म्यावर येते. नऊ लाखांची गाडी पाच वर्षांत साडेचार लाखांची होते. म्हणजे वर्षाला ९०,००० रुपये गेले, तुझ्या सगळ्या पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट. बारा लाखांच्या गाडीत हेच १,२०,००० होतात. वरच्या तीन लाखांनी वर्षाला ३०,००० जास्त घालवायचे आणि ७,८०० वाचवायचे, हा व्यवहार जमत नाही. तू म्हणशील, आम्ही पाच वर्षांनी विकणार नाही, पंधरा वर्षे वापरू. तरी तीन लाख भागिले पंधरा म्हणजे वर्षाला २०,००० होतात. पेट्रोल उद्या दीडशे रुपये झाले तरी जास्त ॲव्हरेजची बचत ११,७०० च्या वर जात नाही. आणि हेच तीन लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवलेस, तर आजच्या ८.२ टक्क्यांनी वर्षाला २४,६०० रुपये व्याज येते, दर तिमाहीला ६,१५०. म्हणजे निम्म्याहून जास्त पेट्रोल त्या व्याजातच भागते. हे मी इतके ताणून सांगतो आहे, कारण निवृत्तीची रक्कम एकदम आणि मोठी येते, त्यामुळे ती बक्षिसासारखी वाटते. प्रत्यक्षात कम्युटेशनचे पैसे म्हणजे पुढच्या पंधरा वर्षांच्या पेन्शनचा आजच उचललेला भाग आहे. तो पत्र्यात किती अडकवायचा हे आधी ठरव.

करांचाही कौल याच बाजूला आहे. लहान गाडीची सरकारी व्याख्या २००६ च्या अर्थसंकल्पापासून चालत आली आहे: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. यंदा २२ सप्टेंबरपासून या व्याख्येतल्या गाड्यांना १८ टक्के जीएसटी आहे, बाकीच्यांना ४०. तुझ्या यादीतली ब्रेझा लांबीने चार मीटरच्या आत बसते, पण तिचे पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचे आहे, म्हणून ती ४० टक्क्यांत गेली. उरलेल्या चारही गाड्यांची पेट्रोल इंजिने १२०० च्या आत आहेत. गाडी म्हणून ब्रेझात खोट नाही, पण तिच्या किमतीतला मोठा वाटा करात जातो आणि तो कर तुम्हाला चालवायला मिळत नाही. त्यानंतर कर्नाटकचा आजीव कर लागतो: पाच ते दहा लाखांच्या गाडीला १४ टक्के, दहाच्या वर १७. ९ लाख ८० हजारांच्या मॉडेलवर १,३७,२०० रुपये कर बसतो आणि १० लाख २० हजारांच्या मॉडेलवर १,७३,४००, उपकर वेगळा. शोरूममध्ये ‘फक्त चाळीस हजारांत वरचे मॉडेल’ असे सांगतील, तेव्हा ते पाऊण लाखाच्या पुढे पडते हे ध्यानात ठेव. सनरूफ आणि मोठा पडदा बहुधा याच चाळीस हजारांत मिळतात. आपल्याकडच्या उन्हात सनरूफचा उपयोग काय, हे मला अजून कुणी पटवून दिलेले नाही.

डिझेलचा विषय जावईबापूंनी काढला आहे, आणि त्यांचा मुद्दा टाकाऊ नाही. डिझेल गाडी प्रत्यक्षात वीस देईल, डिझेल स्वस्तही आहे. सात हजार किलोमीटरवर वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास वाचतील. पण डिझेल मॉडेलची किंमत लाख-सव्वा लाखाने जास्त, त्यावर कर आणि विमा. ते भरून यायला आठ-दहा वर्षे लागतात. वर्षाला वीस-पंचवीस हजार किलोमीटर फिरणाऱ्या निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याला ते तीन-चार वर्षांत भरून येते, म्हणून त्याने डिझेलच घ्यावी. दुसरे कारण मला याहून मोठे वाटते. एप्रिल २०२० पासूनच्या डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला इंजिन बराच वेळ, चांगल्या वेगाने, तापून चालावे लागते. घरापासून बाजारापर्यंत आणि परत, अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत तो तुंबतो. निवृत्तांच्या गाडीचा दिनक्रम नेमका तोच असतो. सीएनजीला इंधन सर्वांत स्वस्त पडते हे खरे, पण डिकीतली जागा टाकी खाते, टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते, आणि पंपावरच्या रांगेत उभे राहायची तयारी हवी. विजेच्या गाडीचे गणितही वेगळे नाही. ती चालवायला स्वस्त आणि घ्यायला महाग असते, त्यामुळे जो खूप चालवतो त्यालाच ती फायद्याची पडते. पेट्रोलमधल्या इथेनॉलची काळजी मात्र करू नकोस. त्यात लिटरमागे शक्ती कमी असते, म्हणून ॲव्हरेज थोडे घटते, पण आजच्या नव्या गाड्या वीस टक्क्यांच्या मिश्रणासाठीच बनवलेल्या आहेत. आणि त्यातले काही आपल्याच पट्ट्यातल्या उसातून येते.

मग एवढा हिशेब पाहायचा तर साधी हॅचबॅक का नको? हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि त्याचे उत्तर पैशात नाही, गुडघ्यांत आहे. बुटक्या गाडीत खाली वाकून बसावे लागते आणि उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. छोट्या एसयूव्हीची सीट उंच असते, माणूस आडवा सरकून बसतो आणि पाय टेकवून उभा राहतो. खानापूरच्या पावसाळी रस्त्यांवर आणि खेड्यांतल्या बेहिशेबी गतिरोधकांवर तिचा ग्राउंड क्लिअरन्सही कामी येतो. एसयूव्हीचा निवृत्तांना खरा उपयोग या दोनच गोष्टींत आहे. वॅगन आरची सीटही बरीच उंच असते. तिच्यात बसून तुम्हा दोघांना सुख वाटले, तर तीच घ्या आणि दीड-दोन लाख वाचवा, मी आनंदाने मान डोलवीन. पण जिथे पैसे घालायला मी आपणहून सांगेन अशी एक जागा आहे: ऑटोमॅटिक गिअर. एएमटीला पन्नास-साठ हजार जास्त पडतात आणि डावा पाय क्लचमधून कायमचा सुटतो. साठीनंतर लायसन्स पाच-पाच वर्षांनी, डॉक्टरांचा दाखला जोडून नवे करावे लागते. गाडीच्या पासिंगची मुदत पंधरा वर्षांची. म्हणजे तू पंचाहत्तरीत असशील तेव्हाही हीच गाडी दारात असेल, आणि ती त्या वयाच्या गुडघ्यांना झेपली पाहिजे.

मोठी गाडी सुरक्षित, हा समज तुझ्या पत्रात डोकावतो. महामार्ग क्रमांक ४८ वर कंटेनरच्या रांगेतून जाताना तशी भीती वाटणे साहजिक आहे. पण २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळवणारी भारतात बनलेली पहिली गाडी चार मीटरच्या आतली नेक्सॉन होती, आणि २०२१ मध्ये तिच्याहून लहान पंचनेही पाच मिळवले. एक्स्टरच्या सर्वांत खालच्या मॉडेललाही सहा एअरबॅग आहेत. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप आपल्याच देशात ताऱ्यांची चाचणी करते. तेव्हा लांबी पाहू नको, तारे पाहा, आणि मागे बसणाऱ्यांनाही पट्टा लावायला लाव. दिवाळीत मुले-नातवंडे आली की सात जणांची गाडी हवी, हा विचारही सोड. वर्षातल्या आठ दिवसांसाठी भाड्याची गाडी मिळते, आणि उरलेले दिवस मोठी गाडी गल्लीत वळवायची कसरत तुलाच करावी लागेल.

कोल्हापुरात पासिंग करून घेण्याचा सल्लाही तुम्हाला मिळाला आहे. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के कर आहे, म्हणजे नऊ लाखांवर सत्तावीस हजार वाचतात. शिवाय एमएच ०९ ची पाटी आपल्या माणसांना जवळची वाटते, ती भावना मी समजू शकतो. पण मनाने आपण कुठले, हा प्रश्न वेगळा आहे. गाडी रात्री कुठे उभी राहते, एवढेच कायदा विचारतो. मोटार वाहन कायद्याप्रमाणे जिथे गाडी सहसा ठेवली जाते त्या राज्यात तिची नोंदणी हवी, आणि दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर कलम ४७ प्रमाणे तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी नातेवाइकाचा पत्ता लावायचा आणि उतारवयात प्रत्येक नाक्यावर मनात धास्ती ठेवायची, हे मला तुझ्यासाठी नको आहे. गाडी कोल्हापूरच्या शोरूममध्ये पाहा, भाव काढ, पण पासिंग चिक्कोडीच्या आरटीओत, केए २३ वरच करून घे.

एक धोक्याची गोष्ट राहिली. उंच गाडी पुरातून जाते, या भरवशावर कधी राहू नका. २०१९ आणि २०२१ मध्ये वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आले आणि वाहतूक थांबली, हे तू निपाणीत राहूनच पाहिले आहेस. जमिनीपासून १८० किंवा २०० मिलिमीटर उंची म्हणजे जेमतेम आठ इंच. इंजिनात पाणी ओढले गेले तर आतले भाग वाकतात, आणि साध्या विम्यात त्याची भरपाई मिळत नाही. इंजिन संरक्षणाची जोड थोडा हप्ता वाढवून मिळते. आपल्या भागात ती घ्यावीच.

माझ्या मते पंच किंवा एक्स्टर, पेट्रोल, एएमटी, मधले मॉडेल, सगळे मिळून दहा लाखांच्या आत, एवढ्यात तुझे काम होते. फ्रॉन्क्सची मागची जागा ऐसपैस आहे, पण छत उतरते असल्याने मागे बसताना डोके वाकवावे लागते. तुझ्या सासूबाईंना बसवून पाहा आणि मग ठरव. टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या भोवती एक चक्कर मारून संपवू नको. चौघे बसा, एसी लावा आणि गाडी तवंदी घाटात चढवून पाहा. छोट्या इंजिनाचा दम तिथेच कळतो. पैसे हाती यायला जून-जुलै उजाडेल. तोवर कर्ज काढून घाई करू नको, आणि गाडी घेताना ती कोणत्या महिन्यात बनली हे कागदावर पाहून घे. गेल्या वर्षीची उभी राहिलेली गाडी देत असतील तर त्या मानाने भाव पाडून माग.

जावईबापूंना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुझा
मामा