रुग्णाभिप्राय आणि आप्तप्रमाण : एक चिंतन

जव्हार व मोखाडा या तालुक्यांत वैद्याची कीर्ती आजवर आठवडे बाजारात, एस.टी.च्या थांब्यावर आणि सोयऱ्याधायऱ्यांच्या तोंडून पसरत आली. कोणाच्या औषधाने कोणास उतार पडला, हे सांगणारा मनुष्य ऐकणाऱ्याच्या ओळखीचा असे. आता कामानिमित्त नाशिक वा मुंबईस गेलेला मुलगा गूगल नकाशावरील तारे पाहून पाड्यावरील वडिलांना दवाखाना सुचवतो. सांगणारा अनोळखी झाला, विश्वास मात्र पूर्वीइतकाच राहिला. बनावट अभिप्रायांचा शिरकाव येथेच होतो.

शास्त्रविचार

चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या तिस्रैषणीय अध्यायात आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती अशी चतुर्विध परीक्षा सांगितली आहे. रज व तम या दोषांपासून मुक्त असलेल्याचे वचनच आप्तवचन होय. मोबदला घेऊन स्तुती लिहिणारा या कसोटीस उतरत नाही, हे उघड आहे. परंतु प्रामाणिक रुग्णाचा अभिप्रायही आप्तवचन नव्हे. तो एका प्रकृतीचा, एका अवस्थेतील अनुभव असतो. त्यावरून दुसऱ्या रुग्णाची चिकित्सा ठरत नाही.

त्याच स्थानातील दशप्राणायतनीय अध्यायात ‘रोगाभिसर’ म्हणजे छद्मचर वैद्याचे वर्णन येते. कोणी आजारी पडल्याचे कळताच तो तेथे धाव घेतो, ऐकू जाईल अशा रीतीने स्वतःचे गुण उच्चरवाने सांगतो, उपचार करणाऱ्या वैद्याचे दोष वारंवार काढतो आणि रुग्णाच्या मित्रांना आपलेसे करू पाहतो. आत्मस्तुती, परनिंदा व मध्यस्थांना वश करणे ही तिन्ही अंगे आजच्या बनावट अभिप्रायांतही जशीच्या तशी आढळतात.

लक्षणे

१) अल्पावधीत एकदम आलेले पंचतारांकित अभिप्राय. २) निरनिराळ्या नावांखाली तीच वाक्यरचना. ३) तक्रार, कालावधी, पथ्य यांपैकी कशाचाही उल्लेख नसणे. ४) एकाच व्यक्तीने एकाच दिवशी दूरदूरच्या गावांतील व्यवसायांची केलेली स्तुती. ५) भेटीचा तपशील न देता स्पर्धकाविरुद्ध केलेली ओळीने निंदा.

तथापि एका लक्षणावरून व्याधिविनिश्चय करू नये. पावसाळ्यात दाभोसा धबधबा पाहण्यास आलेला पर्यटक जव्हारच्या दुकानातून औषध घेऊन परगावाहून दोन शब्द लिहू शकतो. लिहिण्याची सवय नसलेला रुग्ण ‘छान’ एवढेच लिहितो. लक्षणसमुच्चय दिसेल तेव्हाच संशय धरावा.

अनुभव

मधुमेहाचे एक रुग्ण पायाच्या व्रणासह आमच्याकडे आले. एका चूर्णाविषयी ‘साखर कायमची गेली’ असा अभिप्राय मुलाने वाचून दाखविल्यावर त्यांनी चालू औषधे बंद केली होती. त्यांना तातडीने रुग्णालयात पाठवावे लागले. तो अभिप्राय खऱ्या रुग्णाचा होता की पगारी लेखकाचा, हे आम्हांस कधीच कळले नाही.

त्यानंतर आम्ही आमच्याच दवाखान्याचे अभिप्राय तपासले. त्यांतील काही आमच्या साहाय्यकाने सद्हेतूने आपल्या नातलगांकडून लिहवून घेतले होते. ते काढावयास लावले. तारे घटल्याचे क्षणभर वाईट वाटले, हेही येथे नमूद करतो.

कायदा

औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत मधुमेहासह ५४ रोग व अवस्था आहेत. त्यांवरील औषधाची जाहिरात केल्यास पहिल्या अपराधासाठी ६ महिन्यांपर्यंत कारावास, दंड वा दोन्ही होऊ शकतात. जाहिरातीच्या व्याख्येत सूचना, पत्रक, वेष्टन यांचा समावेश असल्याने, रुग्णाचा अभिप्राय छापून दुकानात लावणाऱ्यानेही सावध असावे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत, तर पुनरावृत्ती झाल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १९०००:२०२२ हे मानक नोव्हेंबर २०२२ मध्ये, प्रारंभी ऐच्छिक स्वरूपात, लागू झाले. अमेरिकेतही बनावट अभिप्रायांची खरेदी-विक्री निषिद्ध करणारा नियम ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आला.

उपाययोजना

नातलग, कर्मचारी वा औषध प्रतिनिधी यांच्याकडून अभिप्राय लिहवून घेऊ नयेत. स्तुतीच्या बदल्यात सवलत देऊ नये. अभिप्राय मागावयाचाच असल्यास बरे झालेले निवडून न मागता सर्वांनाच विनंती करावी. उत्तर देताना रुग्णाच्या व्याधीचा उल्लेख टाळावा. लहान गावात नावाशिवायही माणूस ओळखला जातो. प्रतिकूल अभिप्राय आल्यास प्रथम केसपेपर पाहावा. तक्रार खरी असल्यास चूक सुधारावी. तशी भेटच झाली नसल्यास दिनांकासह छायाप्रत ठेवून संबंधित कंपनीकडे तक्रार नोंदवावी. पुराव्याविना शेजारच्या व्यावसायिकाचे नाव घेऊ नये, अन्यथा आपणही परनिंदेच्या त्याच दोषास पात्र ठरतो.

सभासद वैद्यांनी व औषधी दुकानदारांनी इतरांचे अभिप्राय तपासण्यापूर्वी एकवार स्वतःचे तपासावेत, एवढीच विनंती.