तान्ह्या बाळाची झोप : स्वाभाविक काय, धोक्याचे काय?

बुलढाणा तालुक्यातील धाड हे जालना जिल्ह्याच्या सीमेजवळचे, शेतीच्या बळावर उभे असलेले मोठे गाव. मृगाची पेरणी, श्रावणातले निंदण आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होणारी कापसाची वेचणी हे या परिसराचे वार्षिक घड्याळ होय. परंतु ज्या घरात तान्हे बाळ असते, त्या घराचे दिवस व रात्री निराळ्याच घड्याळावर चालतात. मध्यरात्री बाळ जागे होते, पहाटे खेळते आणि सूर्य वर आल्यावर गाढ झोपी जाते. मग “दूध पुरत नसेल”, “दृष्ट लागली असेल”, “पोटात दुखत असेल” असे नाना तर्क सुरू होतात. सकाळी शेतावर जाण्याची घाई असलेल्या घरात या तर्कांची परिणती पुष्कळदा उपायांच्या घाईत होते.

वस्तुतः पहिल्या वर्षात बाळाच्या झोपेत होणारे बहुतेक बदल हे त्याच्या मेंदूच्या वाढीचे टप्पे असतात. त्यांना औषध लागत नाही, समजूत लागते. उलट जे बाळ जागतच नाही, ज्याला घरातील मंडळी कौतुकाने “शहाणे बाळ” म्हणतात, त्याच्याकडे पहिल्या महिन्यात अधिक बारकाईने पाहावे लागते. हा भेद प्रत्येक मातेला व घरातील वडीलधाऱ्यांना कळणे अगत्याचे आहे.

पहिले सहा आठवडे

नवजात बाळ दिवसरात्र मिळून सुमारे १४ ते १७ तास झोपते. मात्र ही झोप सलग नसते. त्याचे जठर लहान असते, आईचे दूध लवकर पचते आणि म्हणून चोवीस तासांत आठ ते बारा वेळा त्याला अंगावर पाजावे लागते. तेव्हा दर दोन-तीन तासांनी जागे होणे हा दोष नसून ती बाळाच्या जगण्याची रीत आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत बाळ चार तासांवर झोपून राहिले तर त्याला हलकेच उठवून पाजावे.

या वयात बाळाला रात्र व दिवस यांतील भेद ठाऊक नसतो. झोप-जागेचा क्रम राखणारे मेंदूतील केंद्र जन्मतः असते खरे, पण ते उजेड-अंधाराशी जुळायला दोन ते तीन महिने लागतात. दिवसा खोलीत पुरेसा उजेड व घरातील नेहमीचा वावर असू द्यावा, रात्री पाजताना दिवा मंद ठेवावा आणि बोलणे कमी करावे. एवढ्याने या जुळणीस मदत होते. बाळंतिणीची खोली दिवसभर अंधारी ठेवण्याची प्रथा या दृष्टीने सोयीची नाही. बंद खोलीतील शेगडी व धुरी यांचा धूर तर बाळाच्या कोवळ्या श्वासमार्गास अपायकारकच आहे.

झोपेत बाळ हसते, ओठ हलवते, दचकते, कण्हते. हे पाहून सटवाई त्याला हसवते वा रडवते असे जुनी माणसे म्हणत आली. या गोष्टीचा शास्त्रीय उलगडा अमेरिकेतील शिकागो विद्यापीठात झाला. युजीन ॲसेरिन्स्की या संशोधकाने प्रथम झोपलेल्या बालकांच्या डोळ्यांच्या हालचाली निरखल्या आणि १९५३ मध्ये नॅथॅनियल क्लाइटमन यांच्यासमवेत, मिटल्या पापण्यांआड बुबुळे वेगाने फिरत असतानाची एक स्वतंत्र निद्रावस्था असल्याचे जगापुढे मांडले. प्रौढ माणसाच्या झोपेचा सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा अशा चळवळ्या झोपेचा असतो, तर नवजात बाळाच्या झोपेचा जवळजवळ निम्मा. म्हणून झोपेतील प्रत्येक चुळबुळीला “बाळ उठले” असे समजून उचलून घेऊ नये. क्षणभर थांबून पाहावे. पुष्कळदा ते आपोआप पुन्हा शांत होते.

सहाव्या आठवड्याच्या सुमारास सायंकाळचे रडणे सर्वाधिक वाढते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ते ओसरते. या काळात दूध पुरत नाही अशी शंका आली तर साधी कसोटी लावावी. बाळ दिवसाकाठी सहा किंवा अधिक वेळा लघवी करीत असेल व त्याचे वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे असे समजावे. वरचे दूध सुरू करण्याचे मग कारण उरत नाही.

झोप आणि सुस्ती

झोप व सुस्ती यांतील फरक ओळखण्याचे शिक्षण महाराष्ट्रानेच देशाला दिले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९३ पासून ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून बाळांची तपासणी व उपचार करण्यात आले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात बालमृत्यूंत ६२ टक्के घट झाली. जंतुसंसर्ग झालेले बाळ ओळखण्यासाठी या कार्यकर्त्यांना शिकविलेली लक्षणे कोणत्याही मातेला समजावीत इतकी सोपी होती : पूर्वी जोराने रडणाऱ्या बाळाचे रडणे क्षीण होणे वा थांबणे, पूर्वी नीट ओढणाऱ्या बाळाने दूध कमी ओढणे वा सोडणे आणि बाळ गुंगीत गेल्यासारखे पडून राहणे.

या लक्षणांतील मर्म “पूर्वी” या शब्दात आहे. बाळ किती तास झोपले यापेक्षा ते कालच्याहून बदलले काय, हा प्रश्न महत्त्वाचा. झोपलेले निरोगी बाळ तळपायाला टिचकी मारली, ओल्या हाताने चेहरा पुसला की जागे होते, पाजले असता ओढते आणि त्याचे हातपाय आखडलेले असतात. सुस्त बाळ हलवूनही नीट जागे होत नाही, त्याचे अंग ढिले पडते, छातीला लावले तरी ओढत नाही. यासोबत अंग तापणे किंवा गार पडणे, श्वास घेताना कण्हणे अथवा छाती खोल आत जाणे, सतत उलट्या, पोट फुगणे, नाळेतून पू येणे यांपैकी काहीही आढळले तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. रात्री कोणत्याही वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून बाळाला रुग्णालयात न्यावे. वाटेत त्याला कपड्यात गुंडाळून आईच्या अंगाशी धरावे.

याच अनुभवाच्या आधारे २०११ मध्ये देशभर आशा स्वयंसेविकांच्या गृहभेटींचा कार्यक्रम सुरू झाला. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी आशाताई येतात. माता या भेटींत “बाळ झोपते फार” किंवा “झोपतच नाही” हे सांगावयास संकोचतात. ते अवश्य सांगावे.

चौथ्या महिन्याचा बदल

तीन महिन्यांनंतर घरात थोडी स्थिरता येते, बाळ रात्री चार-पाच तास सलग झोपू लागते आणि एकाएकी चौथ्या महिन्याच्या आसपास पुन्हा वारंवार जागू लागते. या बदलाने पालक सर्वाधिक गोंधळतात. त्याचे कारण असे की, या सुमारास बाळाची झोप प्रौढांच्या झोपेसारखी उथळ व गाढ अशा टप्प्यांत विभागली जाते. एक फेरा सुमारे पन्नास ते साठ मिनिटांचा असतो आणि प्रत्येक फेऱ्याच्या अखेरीस झोप पातळ होते. आपणही रात्री असेच अर्धवट जागे होतो, कूस पालटतो व पुन्हा झोपतो. बाळाला ही कला अद्याप अवगत नसते. झोळीत हेलकावे घेत झोपलेले बाळ जागे होते तेव्हा त्याला तोच हेलकावा हवा असतो. म्हणून या वयापासून बाळ पेंगुळलेले पण पूर्ण झोपलेले नसताना अधूनमधून अंथरुणावर ठेवावे व थोपटावे.

आठव्या-नवव्या महिन्यात बाळ रांगू लागते, धरून उभे राहते आणि आई नजरेआड गेली तरी ती कोठेतरी आहे, हे त्याला उमगते. त्यामुळे तिचा विरह त्याला जाणवतो व ते रात्री दचकून तिला शोधते. हा हट्ट नसून बुद्धीच्या वाढीची खूण आहे. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांच्या लसीनंतर एखादा दिवस झोप वाढणे वा विस्कळीत होणे हेही स्वाभाविक होय. त्या भीतीने पुढची लस चुकवू नये.

बाळगोळी ते जायफळ

बाळाच्या झोपेचा प्रश्न आईच्या श्रमाशी निगडित आहे, हे आपल्या राज्याच्या इतिहासातच नोंदलेले आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रिया एकेकाळी कामावर जाताना बाळाला अफूची ‘बाळगोळी’ देत. बाळ दिवसभर निपचित पडून राही. १९३१ मध्ये अहवाल सादर करणाऱ्या व्हिटली आयोगाने या प्रथेची दखल घेतली आणि स्त्री कामगारांसाठी पाळणाघरांची शिफारस केली. अफूने बाळाची भूक मरते, श्वास मंदावतो आणि मात्रा थोडी अधिक झाली तर तो थांबतो. त्या माता निष्ठुर नव्हत्या. बाळाजवळ बसावयास घरी कोणी नव्हते, एवढेच.

आज अफूची जागा इतर वस्तूंनी घेतली आहे. बाळ रात्री झोपावे म्हणून गुटीतील जायफळाचे वेढे वाढविणे, सर्दी-खोकल्याचे गुंगी आणणारे औषध परस्पर चमचाभर पाजणे, हे प्रकार त्याच मार्गाचे आहेत. जायफळ अधिक झाल्यास ते विषारी ठरते आणि सहाणेवरील अशुद्ध पाण्याने हगवण लागते ती वेगळीच. पहिले सहा महिने आईचे दूध व डॉक्टरांनी सांगितलेले औषध यांखेरीज बाळाच्या तोंडात काहीही जाऊ नये. वर्षापर्यंत मधही देऊ नये.

घराने काय करावे

बाळाला उताणे निजवावे. अंथरूण सपाट व घट्ट असावे. डोके गोल व्हावे म्हणून ठेवली जाणारी मोहरीची उशी, जाड गोधडी व मऊ लोड चेहऱ्याजवळ नसावेत. झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकत नाही व कापड नाकावर येत नाही, हे पाहावे. धुऱ्यावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीजवळ मोठे माणूस असलेच पाहिजे. पाळणा हलविण्यासाठी थोरल्या मुलीची शाळा बुडविणे हा उपाय नव्हे. २०२२ पासून ‘पाळणा’ योजनेखाली सहा महिन्यांवरील बालकांसाठी अंगणवाडीला जोडून पाळणाघरे सुरू करण्याची तरतूद आहे. कामकरी स्त्रियांची संख्या मोठी असलेल्या ग्रामपंचायतींनी तिचा पाठपुरावा करणे हिताचे ठरेल.

आणखी एक गोष्ट. रात्री चार वेळा उठणाऱ्या मातेने पहाटे पाणी भरावे, भाकरी थापाव्यात व वेचणीला जावे ही अपेक्षा अन्यायाची आहे. बाळ दिवसा झोपले की तिनेही झोपावे. त्या वेळी सासूबाईंनी चूल सांभाळावी, वडिलांनी पाजल्यानंतर बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढावा. दोन आठवड्यांहून अधिक काळ आई उदास राहिली, सारखी रडू लागली, बाळ झोपले तरी तिला झोप येईना, तर तो तिचा स्वभाव न मानता आजार मानावा व वैद्यकीय सल्ला घ्यावा.

बाळाची झोप एका वर्षात अनेक वेळा बदलते आणि दर वेळी पुन्हा मार्गी लागते. जागणाऱ्या बाळापाशी संयम आणि न जागणाऱ्या बाळापाशी तत्परता, ही दोन सूत्रे घराघरांतून पाळली गेली, तर धाडसारख्या गावांतील कितीतरी रात्री निर्धास्त होतील आणि काही जीवही वाचतील.